पायावरची सूज : आधी गोळ्यांची पाकिटं तपासा

"डॉक्टर, संध्याकाळ झाली की चप्पल घट्ट होते." मधुमेह असलेल्यांकडून ही तक्रार नेहमी ऐकायला मिळते, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "किडनी तर गेली नाही ना?" भीती रास्त आहे. पण दोन्ही पायांवर सारखीच सूज असेल, तर आधी चालू असलेली औषधं पाहावीत.

नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून हळूहळू भरत असेल तर पायात पाणी साठलंय.

शुगरच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिनने सूज येत नाही. पायोग्लिटाझोनने येते, कारण हे औषध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. अडचण अशी की ते बऱ्याचदा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत असतं. पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत नाव असतं, पण रुग्णाला फक्त 'शुगरची गोळी' एवढंच ठाऊक असतं. सोबत इन्सुलिन असेल तर सूज आणखी वाढते. जून २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून केंद्र सरकारने या औषधाची विक्री थांबवली होती; जुलैअखेर धोक्याच्या ठळक सूचनेसह ती पुन्हा सुरू झाली. शुगर ते चांगली उतरवतं, मात्र हृदय कमजोर असलेल्यांनी ते घेऊ नये.

मधुमेहाबरोबर बऱ्याचदा बीपीही असतं, आणि त्यासाठी अनेकांना ॲम्लोडिपिन चालू असते. तिने पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाणी बाहेर झिरपतं. डोस ५ वरून १० मिलिग्रॅम केला की सूज बऱ्याचदा वाढते. मग कुणीतरी लघवीची गोळी सुरू करतं. ही सूज त्या गोळीने फारशी उतरत नाही. सोडियम-पोटॅशियम मात्र बिघडतं. ॲम्लोडिपिनचा डोस कमी करणं किंवा ती बदलणं हाच खरा उपाय. पायांच्या आगीसाठी दिलेल्या प्रीगाबालिननेही सूज येते.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामकांची. श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणारे कितीतरी मधुमेही गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक घेतात. ते मीठ-पाणी अडवतं, बीपी वाढवतं आणि आधीच थकलेल्या किडनीवर घाव घालतं. वारी जरूर करा, पण अनवाणी नको आणि या गोळ्यांवर तर मुळीच नको.

औषधात कारण सापडलं तरी तपासण्या टाळू नका. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासावंच, सूज असो वा नसो. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात ही सोय आहे. पापड, लोणचं, वरून घेतलेलं मीठ कमी केलं तर फरक दिसतो.

एकाच पायाला सूज असेल तर थांबू नका. पोटरी दुखत असेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असूनही दुखत नसेल, तर आतली हाडं मोडत असण्याची शक्यता असते. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दाखवा. आडवं झाल्यावर दम लागला किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीला घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक काढे आणि गुडघ्यांच्या गोळ्यासुद्धा.