अपेक्षित लक्षण कसे ओळखावे?

बेळगाव-निपाणीच्या ज्या मुलींना अमेरिकेत परिचारिका व्हावयाचे आहे, त्यांना परवान्यासाठी एनक्लेक्स परीक्षा द्यावी लागते. तीत ‘यांतील अपेक्षित लक्षण कोणते?’ अशा धर्तीचे प्रश्न असतात. उत्तरापूर्वी तास व दिवस पाहावा. अंगावर नीट पिणारे मूल तिसऱ्या दिवशी किंचित पिवळे दिसले, तर ते बहुधा अपेक्षितच. पहिल्या २४ तासांत दिसले, तर डॉक्टरांना तत्काळ कळवावे. बाळंतिणीचा स्राव पहिले तीन-चार दिवस लाल, पुढे फिका होतो. दहाव्या दिवशी पुन्हा लालभडक झाल्यास ते अपेक्षित नव्हे. लक्षण तेच, वेळ निराळी. येथे चूक झाली, तर परीक्षेत गुण जातो. प्रसूतिगृहात जीव जाऊ शकतो.