मॉडिफाय केलेली गाडी विकताना

प्रश्न : माझ्या जुन्या मित्सुबिशी सेडियाचा सायलेन्सर आणि स्प्रिंगा मी बदलल्या आहेत. चंद्रपूरचा ग्राहक स्टॅम्पपेपरवर सौदा करू म्हणतो. तेवढं पुरेल ना?
– एक वाचक, वडसा

उत्तर : नाही पुरत, पण घाबरू नका, काम सोपं आहे. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्याच गळ्यात पडू शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये हेच स्पष्ट केलं. म्हणून फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून १४ दिवसांत आरटीओला कळवा. त्याआधी मूळ सायलेन्सर, स्प्रिंगा परत बसवा. काढलेले भाग वेगळे विका, त्यांना हौशी गिऱ्हाईक मिळतं. किल्ली देताना तारीख-वेळ लिहून ग्राहकाची सही घ्या. आरसीवर त्याचं नाव चढेपर्यंत विमा मात्र बंद करू नका.