लेकीचा दिवस कुठं जातो?

कापसाचं वजन किती भरलं ते आपण काट्यावर दोनदा बघतो. केळीचा घड किती किलोचा ते आपल्याला तोंडपाठ असतं. बाजारात दहा रुपये जास्त गेले तर रात्री झोप येत नाही. पण सात वर्षांच्या लेकीचा दिवस कुठं गेला, ते घरात कुणी मोजत नाही. आज तेच मोजू. पाटी घ्या, पेन्सिल घ्या.

समजा, जळगाव जिल्ह्यातलं एक घर आहे. आई, बाप, आजी, नऊ वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचं बाळ. आई-बाप शेतात जातात. आजीचे गुडघे दुखतात. मुलगी दुसरीत आहे.

सकाळी उठून तिनं नळावरून पाणी आणलं. अर्धा तास गेला. घर-अंगण झाडलं, पाव तास. आई भाकरी थापते तोवर बाळ कडेवर घेतलं, एक तास. मग शाळा. शाळेतून आली की दप्तर खुंटीला आणि बाळ पुन्हा कडेवर. आई शेतातून येऊन हातपाय धुवेपर्यंत दोन तास. जेवणं झाली की भांडी, अर्धा तास.

करा बेरीज. सव्वाचार तास झाले. आठवड्याचे दिवस सात. सव्वाचार साते पावणेतीस.

आता भावाचं लिहा. दुकानातून मीठ आणि तेल आणलं, पाव तास. बाकी वेळ गल्लीत चेंडू-फळी.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. तो सांगतो, पहिली ते पाचवीच्या शाळेत वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. आठशेला दोनशेनं भागा. दिवसाला चार तास आले. म्हणजे ही पोर शाळेत चार तास शिकते आणि घरात सव्वाचार तास राबते. तिचं वय सात.

कुणी म्हणेल, "गुरुजी, मुलीच्या जातीला काम यायला नको का? उद्या सासरी गेली म्हणजे?" यावं की. मुलालाही यावं. पण झाडू धरायला शिकायला आठ दिवस पुरतात. पुढची सगळी वर्षं ती काम शिकत नसते, नुसतं काम करत असते. हा फरक ध्यानात घ्या.

दसरा-दिवाळी आली की आपल्या खानदेशात कापूस फुटतो. बोंडं उघडी पडली की वेचणीला उशीर चालत नाही. मी शाळेत हेडमास्तर होतो तेव्हा हजेरीपट रोज माझ्या टेबलावर यायचा. दिवाळीची सुट्टी संपली की मुलींच्या नावांपुढं गैरहजेरीच्या खुणा वाढू लागत. काही पोरी स्वतः वेचायला जात. जास्त करून आई वेचायला जाई आणि लेक बाळाजवळ थांबे. त्याच घरातला मुलगा मात्र वर्गात बसलेला असे. हजेरीपट खोटं बोलत नाही.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," असं घरची माणसं म्हणतात. चाराचे चाळीस कधी होतात ते कळत नाही. २०० दिवसांतले ४० गेले, म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सा गेला. पाच एकरांतलं एक एकर पडीक टाकाल का?

आणि गेलेले दिवस नुसते गेले, असं होत नाही. समजा, त्याच दिवसांत वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवली. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. दोनातून सात जात नाहीत. मग पाच दशकांतला एक दशक सोडवायचा, बारातून सात काढायचे, पाच उरतात. इकडं चारातून दोन गेले, दोन उरले. उत्तर पंचवीस. जी पोर हजर होती तिला हे तीन दिवसांत जमतं. जी नव्हती ती परत येते तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. तिला फळ्यावरचं कळत नाही. विचारायची लाज वाटते. ती मागच्या ओळीत जाऊन बसते. पाटीवर शेजारणीचं बघून लिहिते. पुढच्या वर्षी भागाकार येतो, त्यात पुन्हा वजाबाकी. आता तर काहीच कळत नाही. मग एके दिवशी ती घरी सांगते, "मला शाळेत नाही जायचं." आणि आपण चारचौघांत म्हणतो, "काय करणार, पोरीलाच गोडी नाही."

गोडी नाही, असं नसतं. मधले चाळीस दिवस नसतात.

मग बाळ कुणी सांभाळायचं? हा प्रश्न खरा आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. आई घरी बसली तर संध्याकाळी हातात काही येत नाही. हे मला ठाऊक आहे. म्हणून आईनं घरी बसावं, असं मी म्हणत नाही. पण चार बायका एका शेतात वेचायला जातात. चौघींची मिळून तीन-चार बाळं असतात. एका दिवशी एकीच्या सासूनं ती सांभाळावीत, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. आजीचे गुडघे दुखतात, पण खाटेवर बसून बाळाला खेळवायला गुडघे लागत नाहीत. तीन वर्षांचं झालं की मूल अंगणवाडीत बसवावं. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिथं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खाऊ मिळतो, गाणी शिकवतात, वजनही करतात. नऊ वर्षांच्या भावानं पाण्याची कळशी उचलावी. आणि बापानं संध्याकाळी तासभर बाळ कडेवर घ्यावं. त्यानं मिशी खाली येत नाही.

कायदाही माहीत असू द्या. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली बदल झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुणाकडं मजुरीला लावता येत नाही. घरच्या शेतात मदत करायची तर ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत.

जेवणाची वेळही मोजा. बऱ्याच घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुलगे, शेवटी आई आणि लेक. तोवर वरण तळाला जातं. लेकीच्या ताटात भाकरी आणि ठेचा उरतो. लहान पोट लहान असतं, त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं. म्हणून ज्या वेळी मुलाला वाढाल त्याच वेळी मुलीला वाढा. कळण्याची भाकर असो, शेंगदाणे असोत. ट्रक भरभरून केळी आपल्या जिल्ह्यातून परगावी जातात. एक केळं लेकीच्या हातातही पडू द्या.

आता राहिली संध्याकाळ. त्यातला अर्धा तास तिच्याशी बोलायला ठेवा. शाळेत काय झालं ते विचारा. काय बोलावं ते सुचत नसेल तर तिलाच बोलू द्या. धुळ्याकडं घरोघरी अहिराणी चालते. यावल, रावेरकडं लेवा बोली आहे. घरची बोली बोलल्यानं पोर मागं पडते, असं काही जण समजतात. ते खरं नाही. घरी तिला आंडेर म्हणता, पुस्तकात मुलगी छापलेलं असतं. दोन्ही शब्द तिचेच. जिला घरी दहा गोष्टी ऐकायला मिळतात ती शाळेत अकरावी सांगते.

खेळाचा वेळही वाया गेला म्हणू नका. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई बसवतात. काही गावांत तिला भुलाबाई म्हणतात. पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखतात. डबा हलवून आवाज ऐकतात. गोड की तिखट, असं विचारतात. ओली वस्तू की कोरडी, तेही विचारतात. गाणी पाठ होतात, डोकं चालतं, चारचौघींत बोलायची भीड जाते. हे शिकवायला शाळेत आम्हाला महिना लागतो.

जळगावजवळ आसोदे गाव आहे. तिथं १८८० साली एक मुलगी जन्मली. शाळा तिच्या वाट्याला आली नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावला चौधरींच्या घरी आली. ह्याच बहिणाबाई. दळताना, शेतात राबताना त्या आपल्या घरच्या बोलीत गाणी रचत. पण लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव शिकलेला, स्वतः कवी. गाणी कागदावर उतरली ती त्याच्यामुळं आणि घरच्या माणसांमुळं. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं गाण्यांचं पुस्तक निघालं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. कागदावर न आलेली किती गाणी हवेत गेली असतील, कोण सांगेल?

त्याच जिल्ह्यात नाडगावला १९३४ साली प्रतिभाताई पाटील जन्मल्या. त्यांना शाळा मिळाली. पुढं जळगावला मूळजी जेठा कॉलेजात शिकल्या. १९६२ साली आमदार झाल्या. २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. प्रत्येकीची लेक राष्ट्रपती होईल, असं मी म्हणत नाही. एकीच्या हातात पाटी होती, एकीच्या हातात नव्हती, एवढंच दाखवतो.

हे पान वाचणाऱ्या कितीतरी आया-बाया अशा आहेत, की सातव्या वर्षी त्यांच्याही कडेवर भाऊ होता. त्यांना मी काय वेगळं सांगू? त्यांनी आज रात्री हा धडा लेकीजवळ बसून मोठ्यानं वाचावा. अडलेला शब्द तिलाच विचारावा.

पाटीवर लिहा

१. तुमच्या मुलीचा कालचा दिवस. कोणतं काम, किती वेळ? बेरीज करा.

२. तुमच्या मुलाचा कालचा दिवस. बेरीज करा. मोठ्या बेरजेतून लहान वजा करा.

३. येत्या वेचणीला बाळाजवळ कोण बसेल? वार आणि नाव लिहा. लेकीचं नाव लिहायचं नाही.