मेलीस तर मेलीस, पण रस्ता तूच निवड

मनू, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मी परत मेले! आता तूच सांग, बरोबर रस्ता कुठला?" मी सांगितलं नाही म्हणून फुगून बसलीस. फुग खुशाल. रस्ता मी आजही सांगणार नाही. पण तुझ्या हाती लागलेलं पुस्तक खेळायचं कसं, लबाडी कुठे चालते नि कुठे नाही, आणि हरल्यावर स्वतःला दोष किती द्यायचा, एवढं मात्र सांगते. लबाडीचा भाग आईसमोर मोठ्याने वाचू नकोस म्हणजे झालं.

आधी या पुस्तकाची कुळकथा ऐक. 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' १९८२ साली इंग्लंडात पफिनने काढलं. लिहिणारे दोघे मित्र, स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टोन. आणखी एका मित्राला घेऊन त्यांनी १९७५ मध्ये लंडनला गेम्स वर्कशॉप नावाने धंदा सुरू केला होता आणि अमेरिकेतला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ ते ब्रिटनमध्ये विकत होते. त्या खेळाला मित्रांचं टोळकं लागतं, शिवाय गोष्ट चालवणारा एक जण वेगळा लागतो. मग घरात एकट्या पडलेल्या पोराने काय करायचं? या दोघांनी गोष्ट चालवणाऱ्याच्या जागी पुस्तकच बसवलं. क्रमांक दिलेले ४०० तुकडे. तुकडा संपला की प्रश्न: डावीकडे वळायचं की उजवीकडे? दार फोडायचं की गुपचूप पुढे सटकायचं? उत्तराप्रमाणे सांगितलेल्या क्रमांकावर जायचं. डोंगराच्या पोटात एक नदी लागते ना, तिच्या अलीकडचं लिव्हिंगस्टोनने लिहिलं, पलीकडचं जॅक्सनने. पुढे याच 'फायटिंग फँटसी' मालिकेत १९९५ पर्यंत ५९ पुस्तकं आली.

आता तुझ्या मरणाकडे वळू. नियमांची पानं गाळून तू थेट गुहेत शिरलीस, हे तुझ्या बोलण्यावरूनच कळलं मला. ती पानं आधी वाच. तिथे तुझे तीन आकडे ठरतात. एक फासा टाकून त्यात ६ मिळवले की तुझं कसब. दोन फासे टाकून १२ मिळवले की तुझा दम. पुन्हा एक फासा अधिक ६, ते तुझं नशीब. लढाईत दर फेरीला राक्षसासाठी दोन फासे टाकून त्याचं कसब मिळवायचं, मग स्वतःसाठी तसंच करायचं. ज्याची बेरीज जास्त, त्याने वार केला. दुसऱ्याचा दम २ ने घटला. दम शून्यावर आला की खेळ खलास. शिदोरीतलं एक जेवण खाल्लं की दम ४ ने भरून येतो, पण सुरुवातीच्या आकड्याच्या वर कधीच जात नाही. म्हणून नुसतं खरचटल्यावर शिदोरी सोडायची नाही.

सगळ्यांत मजेदार आहे ते नशीब. पुस्तक म्हणेल, नशीब आजमाव. दोन फासे टाकायचे. बेरीज तुझ्या नशिबाच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर तू वाचलीस. पण लागो वा न लागो, दर वेळी नशीब एकाने कमी होतं. नशीब १२ असेल तर पहिल्यांदा हुकणं शक्यच नाही. तेच ७ वर आलं की ३६ पैकी २१ वेळाच साथ देतं. लढाईतही नशीब वापरता येतं: वार केल्यावर ते लागलं तर राक्षसाचा दम २ ऐवजी ४ ने जातो, फसलं तर एकानेच. तू पहिल्याच किरकोळ भुताटकीवर ते उधळून मोकळी होतेस, आणि पुस्तक जिथे सक्तीने नशीब आजमावायला लावतं तिथे हात हलवत उभी राहतेस. राखून ठेव, बाई.

दुसरं, नकाशा काढ. गणिताची चौकटींची वही घे. प्रत्येक वळणापाशी तुकड्याचा क्रमांक लिही, कुठे काय मिळालं तेही लिही. विशेषतः किल्ल्या. प्रत्येक किल्लीवर आकडा असतो आणि तो शेवटी लागतो. डोंगरातल्या जादूगाराला मारलंस तरी योग्य किल्ल्यांशिवाय त्याची खजिन्याची पेटी उघडत नाही. एवढं करून पेटीवर बसून रडायची वेळ येते. याहून जास्त आता माझ्याकडून काढून घेऊ नकोस. नदीपलीकडच्या भुलभुलैयात तर वही नसेल तर त्याच चार वळणांत गोल गोल फिरत राहशील. आणि ही पुस्तकं मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून नाहीतर रद्दीवाल्याकडून घेतलीस, तर सुरुवातीचा आकडे भरायचा तक्ता आधी बघ. कुणीतरी पेन्सिलीने स्वतःचे आकडे भरून ठेवलेले असतात. ते खोड, तक्त्याची झेरॉक्स काढून ती वापर, मूळ पान कोरं ठेव.

आता लबाडी. मागच्या वळणावर बोट अडकवून पुढचं पान बघायचं, मेलो तर "छे, तिकडे गेलोच नव्हतो" म्हणून परत यायचं, हे जगभरच्या वाचकांनी केलंय. खुद्द लिव्हिंगस्टोनही या पाच बोटांच्या बुकमार्कचा उल्लेख हसतच करतात. तेव्हा बोट घाल खुशाल. माझा नियम एवढाच: पहिल्या फेरीत बोट घालायचं नाही. एकदा प्रामाणिकपणे मर. मग दुसऱ्या फेरीपासून पाचही बोटं घाल. आणि फासे मात्र कधीही खोटे टाकू नकोस. बोट घातलं तर निदान नवी वाट बघायला मिळते. फासा खोटा टाकला तर काहीच मिळत नाही, लढाई तेवढी कंटाळवाणी होते.

मनू, आता खरं सांगायचं ते सांगते. तू मेल्यावर म्हणालीस, "मला निवडताच येत नाही, मी नेहमी चुकीचंच निवडते." हे वाक्य मी तुझ्या तोंडून पुस्तक सोडूनही बऱ्याचदा ऐकलंय. ड्रेस घेताना आईला विचारतेस, सहलीला जाऊ का म्हणून मैत्रिणीला विचारतेस, अकरावीला कुठली शाखा घेऊ म्हणून मला विचारतेस. विचारायला हरकत नाही. पण निकाल वाईट आला की लगेच निर्णयच वाईट होता असं धरून चालतेस, ते मला खटकतं.

या पुस्तकात मरणाच्या तीन तऱ्हा आहेत, नीट बघ. पहिली: समोर दोन सारख्याच वाटा, खूण काही नाही, तू डावीकडे वळलीस आणि खड्ड्यात पडलीस. यात तुझ्या अकलेचा प्रश्नच नाही, ती नाणेफेक होती. दुसरी: निर्णय चांगला होता, फासा वाईट पडला. हिशेब करून बघ. तुझं कसब ७ आणि समोरच्याचं ११ असेल, तर दहा फेऱ्यांत जेमतेम एक वार तुझा लागतो. लेखकांनी या पुस्तकाच्या सुरुवातीला भरवसा दिलाय, की बरोबर वाट सापडली तर सुरुवातीचे आकडे कमी असलेलाही पार पडू शकतो. पण या मालिकेतली सगळीच पुस्तकं इतकी दयाळू नाहीत. काहींत आकडे कमी पडले की तू सुरुवातीलाच निम्मी हरलेली असतेस. तिसरी तऱ्हा: खूण होती. दारामागून घोरण्याचा आवाज येत होता, कुणीतरी बजावलं होतं, आणि तरी तू धडक मारलीस. हे मरण तेवढं तुझं. त्याचाच विचार कर, त्यातूनच शीक. पहिल्या दोन तऱ्हांबद्दल रात्रीची झोप घालवू नकोस.

मेल्यावर वहीत मरणाच्या क्रमांकापुढे एक, दोन किंवा तीन असा आकडा टाक. तिसऱ्या तऱ्हेची मरणं तुला वाटतात त्याहून खूप कमी निघतील, पैज लाव.

अजून एक गंमत बघ. प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं आणि प्रत्येक उत्तराला स्वतंत्र वाट दिली, तर दहाव्या निवडीला १०२४ शेवट होतील. ४०० तुकड्यांत ते मावणार कसे? म्हणून लेखक वाटा फोडतात आणि पुन्हा जोडतात. 'फायरटॉप'मध्ये तू आधी काहीही कर, नदी ओलांडावीच लागते. म्हणजे तू ज्या वळणावर तासभर नखं खात बसलीस, ती बरीचशी वळणं पुढे एकाच रस्त्याला मिळतात. सगळीच मिळत नाहीत. काही दारं गेली की गेली. पण प्रत्येक वळण शेवटचंच आहे असं समजून थरथरायचं कारण नाही. अकरावीच्या शाखेलाही हे थोडंफार लागू आहे, पण त्यावर बाबांसमोर बोलू.

पुढे काय वाचायचं तेही सांगते. लढाईचा कंटाळा आला तर 'द केव्ह ऑफ टाइम' घे. अमेरिकेतल्या 'चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर' मालिकेतलं हे पहिलं पुस्तक, १९७९ चं, एडवर्ड पॅकार्ड यांचं. यात फासे नाहीत, नुसती निवड. शेवट तब्बल ४०. पॅकार्ड पेशाने वकील. रात्री मुलींना गोष्ट सांगताना सुचेनासं झालं की ते त्यांनाच विचारत, आता पुढे काय करावं? दोघींची उत्तरं वेगवेगळी आली आणि यातून त्यांना अशा पुस्तकाची कल्पना सुचली. वर्षानुवर्षं प्रकाशकांनी नकार दिल्यावर १९७६ मध्ये त्यांचं 'शुगरकेन आयलंड' एका छोट्या प्रकाशनाने काढलं. त्यांचंच १९८२ चं 'इनसाइड यूएफओ ५४-४०' मिळालं तर सोडू नकोस. त्यात अल्टिमा नावाचा एक सुंदर ग्रह आहे, पण कुठलीही निवड केलीस तरी तिथे पोहोचत नाहीस. नियम मोडून पानं चाळणाऱ्यालाच तो सापडतो. आणि तिथे पुस्तक त्याला रागावत नाही, उलट शाबासकी देतं!

एकच नायक घेऊन पुस्तकामागून पुस्तक खेळायचं असेल, तर जो डीव्हर यांची 'लोन वूल्फ' घे. पहिलं 'फ्लाइट फ्रॉम द डार्क' १९८४ चं. त्यात फासेही लागत नाहीत. मागे आकड्यांचा तक्ता असतो, डोळे मिटून पेन्सिल टेकवायची. पहिल्या पुस्तकात मिळवलेलं शस्त्र दुसऱ्यात नेता येतं. खर्चाची चिंताही नको, कारण लेखकाने स्वतः परवानगी दिल्यामुळे 'प्रोजेक्ट एऑन' या संकेतस्थळावर ती पुस्तकं फुकट वाचता येतात. आणि जॅक्सनचं 'हाउस ऑफ हेल' मात्र आत्ता नको. त्यात भीतीचाही आकडा मोजतात, तो मर्यादेला पोहोचला की घाबरूनच मरतेस. बोर्डाची परीक्षा झाल्यावर बघू.

सुट्टीत स्वतः एक लिही. मराठीत लिही. सुरुवातीला तीस तुकडे पुरेत. आधी मोठ्या कागदावर शेवटापासून मागे झाड काढ, मग तुकडे लिही, आणि अगदी शेवटी क्रमांक पिसून टाक, म्हणजे शेजारचं उत्तर डोळ्यांना दिसणार नाही. आणि एक पथ्य पाळ: वाचणारीला मारणार असशील, तर आधी खूण दे. नाणेफेकीने मारणारा लेखक आळशी असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी मरून बघितलंयस, तेव्हा ते तुला कुणी शिकवायला नको.

तर आज जेवण झालं की नवे आकडे टाक, वही उघड आणि मला न विचारता आत शीर. मेलीस की फोन कर. कुठल्या क्रमांकावर मेलीस आणि तीनपैकी कुठल्या तऱ्हेने, एवढंच सांग. रस्ता विचारलास तर फोन ठेवून देईन.