चार्ली गॉर्डन आधी कोण होता?

वाचन : उत्पत्ती ३:१-७, १ करिंथ ८:१-३, १२:१४-२६

शस्त्रक्रिया करून माणसाची बुद्धी वाढवता आली तर ती वाढवावी काय? तरुणांच्या वर्गात हा प्रश्न निघाला की कोणीतरी लगेच एदेन बागेतील झाड पुढे करतो आणि चर्चा तेथेच खुंटते. ती पुढे न्यावी म्हणून या अभ्यासासाठी आम्ही १९६८ सालचा ‘चार्ली’ हा अमेरिकन चित्रपट घेतला आहे. डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ ही कथा १९५९ साली आणि त्याच नावाची कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर हा चित्रपट आधारलेला आहे. चार्लीचे काम करणारे क्लिफ रॉबर्टसन यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. संगीत आपल्या पंडित रविशंकरांचे आहे. (काही प्रसंग लहान मुलांना दाखवण्याजोगे नाहीत, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.)

चित्रपटाची कथा बॉस्टन शहरात घडते. चार्ली गॉर्डन हा मतिमंद प्रौढ माणूस बेकरीत पडेल ते काम करतो आणि रात्रशाळेत किनियनबाईंकडे लिहावयास शिकतो. सोबतचे कामगार त्याची टर उडवतात. तो त्यांना मित्र समजून त्यांच्याबरोबर हसतो. प्रयोगशाळेत अल्जर्नन नावाचा उंदीर आहे. मेंदूवरील शस्त्रक्रियेने तो एवढा हुशार झाला आहे की भुलभुलैयाच्या शर्यतीत चार्लीला हरवतो. पुढे तीच शस्त्रक्रिया चार्लीवर होते, आणि तो बाईंच्याच नव्हे तर डॉक्टरांच्याही पुढे जातो. नंतर अल्जर्नन मरतो. आपलीही बुद्धी टिकणार नाही, हे चार्लीला कळून चुकते.

कादंबरीतील एक परिचारिका चार्लीला सुचवते की देवाला तो हुशार हवा असता तर त्याने त्याला तसाच जन्मास घातला असता. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण आम्हांला तो पुरेसा वाटत नाही. या न्यायाने चष्मा लावणेही चूक ठरेल आणि निरक्षरास अक्षरे शिकवणेही! बाळ येशू ज्ञानाने वाढत गेला असे लूक सांगतो (२:५२). सर्पाने हव्वेला दाखवलेले आमिष नुसत्या ज्ञानाचे नव्हते, देवासारखे होण्याचे होते.

ते आमिष या कथेत दिसते ते डॉक्टरांच्या वागण्यात. उंदरावरील परिणाम टिकतो की नाही हे कळण्यापूर्वीच त्यांनी माणसाच्या मेंदूला हात घातला. चार्लीने होकार दिला हे खरे. पण चारचौघांसारखे झालो म्हणजे लोक आपल्याला जवळ करतील, एवढ्याच आशेने. अशा होकारावर किती भार टाकावा? पुढे शास्त्रज्ञांच्या परिषदेत त्याला प्रयोगाचा नमुना म्हणून उभे करतात. आपल्याला जणू प्रयोगशाळेतच घडवले असे डॉक्टर बोलतात याचा कादंबरीतील चार्लीला संताप येतो. शस्त्रक्रियेपूर्वीही आपण माणूसच होतो, असे तो त्यांना बजावतो.

तथापि कीज चार्लीलाही सोडत नाहीत. एका उपाहारगृहात एका मंदबुद्धी पोऱ्याच्या हातून बश्या फुटतात. लोक हसतात, आणि क्षणभर चार्लीही हसतो! ज्ञानाने फुगण्याविषयी पौलाने करिंथकरांना दिलेला इशारा येथे शिकवावा. याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आपल्या शब्बाथशाळांत बक्षीस बहुधा वचने मुखोद्गत करणाऱ्यास मिळते. ज्याला चार आठवड्यांत एक वचन येत नाही ते मूल मागे बसते, आणि नाताळच्या कार्यक्रमात त्याला बिनबोलाचा मेंढपाळ करतात. शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात ते आवश्यक आहेत असे पौल लिहितो (१ करिंथ १२:२२). तो दया करावयास सांगत नाही, आवश्यक म्हणतो.

कीज स्वतः शिक्षक होते. मागे पडलेल्यांच्या वर्गातील एका मुलाने त्यांना विचारले होते की खूप मेहनत केली तर आपल्याला नेहमीच्या वर्गात जाता येईल काय. त्या प्रश्नाचा या कथेत मोठा वाटा आहे. पुढे एका संपादकाने कथेचा शेवट गोड करण्यास सांगितले. कीज यांनी नकार देऊन ती दुसरीकडे दिली.

चित्रपटात किनियनबाई चार्लीला लग्नाविषयी विचारतात. पुढे काय होणार हे जाणून तो नाही म्हणतो. शेवटच्या दृश्यात तो मैदानात मुलांबरोबर सी-सॉवर खेळत हसताना दिसतो. वर्गाला विचारावे : ते हसू पाहून आपल्याला वाईट का वाटते? त्याचे काही हरवले म्हणून, की आपण त्याला पुन्हा कमी लेखू लागलो म्हणून?