नामंजूर झालेला अर्ज व आपली पतनोंद

पत हा शब्द आपल्या भाषेत नवा नाही. अमक्याची बाजारात पत आहे, तमक्याने पत घालविली, असे आपले आजेपणजे बोलत आले. पूर्वी ही पत ओळखीवर ठरे. वाण्यास गिऱ्हाइकाचे घर ठाऊक असे, सावकारास शेताची प्रत ठाऊक असे, आणि उधारी द्यावयाची की नाही हे तेवढ्यावर ठरून जाई. आता तीच पत तीन आकडी संख्येत लिहिली जाते व ती संख्या मनुष्य बँकेत पोहोचण्यापूर्वीच तेथे पोहोचलेली असते. खेड्यात तिला सर्वत्र ‘सिबिल’ म्हणतात. ह्या पाठात ती संख्या काय आहे आणि तिच्यामुळे अर्ज नामंजूर झाल्यास काय करावे, हे सांगण्याचा आमचा विचार आहे.

मेडशी हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पातूर व मालेगाव यांच्या दरम्यान आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर हीच ह्या भागाची मुख्य पिके. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी बी व खत घरात असावे लागते; पाऊस कोणासाठी थांबत नाही. समजा, येथील एखाद्या शेतकऱ्याने मे महिन्यात पीक कर्जासाठी अर्ज केला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यास खिडकीवरून एवढेच सांगण्यात आले की, ‘काका, तुमचे सिबिल बसत नाही.’ लेखी काही नाही, कारण काही नाही. मग तो कृषी केंद्रातून उधारीवर बी उचलतो, किंवा संध्याकाळी अशा दारी जातो की जेथे व्याजाचा दर कागदावर लिहीत नाहीत. त्या एका तोंडी वाक्यावर त्या घराचे सबंध वर्ष फिरते. म्हणून ते वाक्य ऐकून परत फिरण्यापूर्वी त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

सिबिल हे मूळचे एका कंपनीचे नाव होय. ती 2000 साली स्थापन झाली. जसे वनस्पती तुपास लोक सरसकट डालडा म्हणू लागले, तसेच येथेही झाले. पुढे 2005 साली पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि आज अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने काम करितात: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व क्रिफ हाय मार्क. बँका, वित्त कंपन्या व बचत गटांस कर्ज देणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्था आपल्या कर्जदारांची माहिती ह्यांजकडे पाठवितात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे. 1 जानेवारी 2025 पासून दर पंधरवड्यास पाठवावी असा नियम झाला. त्या माहितीवरून कंपनी 300 ते 900 यांमधील एक अंक काढते. अंक जितका मोठा तितकी पत चांगली समजतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली ही की, कर्ज नाकारणारी सिबिल कंपनी नव्हे. ती केवळ वही ठेवते. होय किंवा नाही हे बँकच ठरविते. म्हणून ‘सिबिलने नाकारले’ असे कोणी म्हटल्यास ते अर्धेच खरे आहे. दुसरी गोष्ट ही की, त्या वहीत मनुष्याची सगळी कहाणी नसते. किती एकर जमीन, किती गुरे, बचत खात्यात किती शिल्लक, वीजबिल वेळेवर भरले की नाही, ह्यांतील काहीही अंकात धरले जात नाही. घेतलेले कर्ज कसे फेडले एवढेच त्यात पाहिले जाते. ज्याने जन्मात कोणाचा पैसा घेतला नाही त्याची वही कोरीच राहते, आणि कोऱ्या वहीचा मनुष्य कधी कधी थकबाकीदाराप्रमाणेच दारातून परत पाठविला जातो! आम्हांस हे फार विपरीत वाटते. सरकारलाही ते पटलेले नसावे. कारण ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2025 च्या निर्देशांप्रमाणे, प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून नाकारू नये.

आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेली वही, आणि ती पाहण्याची आपणांस मुभा नाही, हे दुःख महाराष्ट्रास जुने आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे बाहेर काढून जाळले, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. त्यानंतर चौकशी होऊन 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने शेतकऱ्यास भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा लेखी हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला. तो कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाडास तो लागू नव्हता, आणि मेडशी तेव्हा वऱ्हाडातील जुन्या बासीम जिल्ह्यात मोडत असे. आज मात्र मेडशीकरासही वही मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या आदेशाने प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक मनुष्यास वर्षातून एकदा त्याचा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. कंपन्या चार, म्हणजे वर्षास चार अहवाल फुकट. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने अंक कमी होतो ही समजूत खोटी आहे. बँकेने आपल्या अर्जावरून केलेली चौकशी मात्र नोंदली जाते. म्हणून एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकणारा मनुष्य अडचणीत दिसतो व त्याचा अंक उतरतो. एका ठिकाणी नकार मिळताच दुसऱ्या दारी धावू नये, प्रथम अहवाल पाहावा, असे आम्ही म्हणतो ते ह्याच कारणास्तव.

अहवाल कसा वाचावा? प्रथम नाव, जन्मतारीख, पॅन व पत्ता तपासावा. एकाच नावाची चार माणसे प्रत्येक गावात असतात, आणि एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावे चढल्याचे प्रकार घडतात. नंतर प्रत्येक कर्जाचे खाते पाहावे: कोणी दिले, केव्हा, किती, आज बाकी किती, थकीत किती. खाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात. त्यांत हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा असतो; शून्ये असली तर हप्ता वेळेवर आला असे समजावे. आपण जेथे जामीन राहिलो ते कर्जही येथेच आढळते. मेहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी सही केली व मेहुण्याने हप्ते थकविले, तर डाग सही करणाऱ्यावरही पडतो. जामिनाची सही म्हणजे शब्द राखणे, असे समजून जे ती करितात त्यांस हे ठाऊक असावे. सूक्ष्मवित्त संस्थेचे आठवड्याचे हप्तेही असेच लिहिले जातात. घरातील बाईने दोन तीन संस्थांकडून उचल केली असेल तर तिचा अहवाल स्वतंत्र पाहावा.

आता ज्या शब्दाने शेतकऱ्यांचे सर्वांत अधिक नुकसान होते त्याकडे वळू. तो शब्द ‘सेटल्ड’ होय. मराठीत आपण ‘तडजोड झाली’ म्हणतो आणि मनात हायसे वाटते. वहीत त्याचा अर्थ निराळा आहे: पुरते पैसे आले नाहीत, सावकाराने काही सोडून दिले. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने ते येणे बुडीत धरले. तेही तसेच बाधते, आणि त्याने कर्ज माफ होत नाही, वसुलीचा हक्क बँकेकडे राहतोच. महाराष्ट्रात 2017 साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना झाली. तीत दीड लाखांपर्यंतचे थकीत कर्ज माफ होते, व त्याहून अधिक देणे असणाऱ्याने वरची रक्कम भरून एकरकमी परतफेड करावयाची होती. डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. तिची मर्यादा दोन लाखांची. अशा योजनेत आलेल्या कर्जदाराने ‘माझे कर्ज गेले’ असे समजून निश्चिंत बसू नये. बँकेस पैसे मिळाले, खाते मिटले, परंतु पतमाहिती कंपनीकडे काय कळविले गेले? थकबाकी तशीच दाखविली आहे काय? हे ज्याचे त्याने पाहिल्यावाचून कळत नाही.

थकबाकीविषयी आणखी एक बारीक नियम आहे. साध्या कर्जाचा हप्ता 90 दिवस थकला की बँक ते खाते अनुत्पादक धरते. शेतीच्या कर्जास तसे नाही. सोयाबीनसारख्या अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकल्यानंतर, आणि दीर्घ मुदतीच्या पिकाचे एक हंगाम थकल्यानंतर, अनुत्पादक होते. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो हे ह्या नियमात धरलेले आहे. तोपर्यंत ज्याने बँकेत जाऊन नवे-जुने केले, त्याचे खाते सहसा सावरते. जो तोंड चुकवितो त्याचे बुडते.

अर्ज नामंजूर झाल्यावर पहिले काम हे की, कारण लेखी मागावे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 2003 साली जी न्याय्य व्यवहाराची नियमावली काढली, तीत अर्जाची पोच द्यावी व दोन लाखांपर्यंतचे कर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावे असे होते. 2007 मध्ये हा नियम सर्वच कर्जांस लावला गेला. तसेच 2005 च्या कायद्याप्रमाणे, बँकेने पाहिलेल्या पतमाहितीची प्रत अर्जदारास बँकेकडून मागता येते. ही मागणी कागदावर दोन ओळींत करावी, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. भांडण करू नये; शिक्का घ्यावा. भांडणाचा पुरावा उरत नाही.

अहवालात चूक आढळली तर ज्या बँकेने ती माहिती पाठविली तिच्याकडे, किंवा पतमाहिती कंपनीकडे, तक्रार करावी. जवळ हप्त्याच्या पावत्या, खातेउतारा अथवा कर्ज फिटल्याचा निल दाखला असावा. तक्रार 30 दिवसांत निकाली निघावी. न निघाल्यास पुढील प्रत्येक दिवसास 100 रुपयांप्रमाणे भरपाई तक्रारदारास द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून अमलात आहे. तेवढ्यानेही न भागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तेथे वकील लागत नाही, शुल्कही नाही. मात्र आधी बँकेकडे वा कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे.

आणि नोंद खरीच असली तर? मग ती कोणी पुसू शकत नाही. हजार दोन हजार घेऊन सिबिल साफ करून देतो असे सांगणारे दलाल तालुक्याच्या गावी भेटतात. त्यांस पैसे देऊ नयेत व मोबाइलवर आलेला गुप्त अंक तर मुळीच सांगू नये. थकलेली रक्कम भरणे, शक्य तर पूर्ण भरून तडजोडीची नोंद ‘बंद खाते’ अशी करून घेणे, व पुढील हप्ते तारखेस देणे, एवढाच खरा उपाय आहे. त्यास महिने लागतात, कधी वर्षेही.

पीक कर्जापुरते सांगावयाचे तर, 19 मे 2025 रोजी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांस बजावले की, शेतकऱ्यांकडे पीक कर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये. धरल्यास गुन्हे दाखल होतील. असा इशारा सरकारने त्यापूर्वीही दिला होता. तो पुन्हा द्यावा लागला ह्यावरून शाखेत काय चालते हे वाचकांनी ओळखावे. तथापि ह्या इशाऱ्याचा आधार घेऊन शाखाधिकाऱ्यास लेखी विचारता येते, आणि उत्तर न आल्यास तहसीलदार, सहकार खात्याचे सहायक निबंधक व जिल्ह्याची अग्रणी बँक यांजकडे अर्ज देता येतो. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती कर्जास तारण मागू नये असाही नियम आहे. जो वेळेवर फेडतो त्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज बिनव्याजी पडते. म्हणजे ह्या दाराबाहेर राहणाऱ्याचा तोटा किती, हे सावकाराच्या व्याजाशी ताडून पाहावे.

तोवर हंगाम कसा काढावा, हा प्रश्न उरतोच. सेवा सहकारी सोसायटीच्या गटसचिवास भेटावे. अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक वाशीम जिल्ह्यासही कर्ज पुरविते. ज्याच्या घरी गेल्या वर्षीचे सोयाबीन वा तूर शिल्लक आहे, त्याने ती पडत्या भावाने विकण्यापूर्वी बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालू आहे काय हे विचारावे. ही योजना राज्य पणन मंडळाने 1990 च्या सुमारास सुरू केली. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते, आणि माल हेच तारण असते. सोने तारण ठेवून घेतलेले लहान कर्ज वेळेवर फेडल्यास कोऱ्या वहीत पहिली चांगली नोंद पडते. ज्यास सावकाराकडे जाणे टळत नाही त्याने निदान परवाना पाहावा व पावती घ्यावी. विनापरवाना सावकारी 2014 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे.

गावात ज्यांस लिहितावाचता येते त्यांनी शेजाऱ्याचा अहवाल त्याच्या समोर, त्याच्याच मोबाइलवर काढून मोठ्याने वाचून दाखवावा, आणि वाचून झाल्यावर स्वतःजवळ प्रत ठेवू नये. बँकेत नोंदविलेला मोबाइल क्रमांक जुना असेल तर प्रथम तो बदलून घ्यावा, कारण अहवाल उघडण्याचा गुप्त अंक त्यावरच येतो. कर्ज फिटलेले असल्यास निल दाखला तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तेथे द्यावा. फेरफार होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा उतरला की नवी नक्कल घ्यावी, आणि पुढील अर्जास ती जोडावी.