‘गिअर’ या शब्दाचा अर्थ व उगम

ट्रॅक्टर, उसाचा चरक अथवा मळणीयंत्र वापरणाऱ्या आमच्या वाचकांस ‘गिअर’ म्हटलें म्हणजे दांतेरी चाक आठवतें. हा अर्थ खरा. परंतु तो मूळ अर्थ नव्हे, व केवळ त्याच्यावर भिस्त ठेविल्यास एके ठिकाणीं जिवावर बेतण्याचा संभव आहे.

हा शब्द उत्तर युरोपांतील जुन्या नॉर्स भाषेंतील ‘गेर्वी’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ पोशाख किंवा सरंजाम. ‘सज्ज होणें’ ही त्यामागील कल्पना. मध्ययुगीन इंग्रजींत योद्ध्याचें चिलखत, शस्त्रें व वस्त्रें या सर्वांस तोच शब्द लावीत. पुढें घोड्याचा साज, गलबताचे दोरखंड, कोळ्यांचीं जाळीं, असें ज्याचें त्याचें सामान त्यांत येत गेलें. आपल्या ‘औत’ शब्दाची वाटचाल अशीच आहे. संस्कृत ‘आयुध’ याचें तें रूप. रणांगणावरील शस्त्राचें नांव आमच्या नांगर-कुळवांस लागलें.

चाकाचा अर्थ मागाहून, सुमारें १६ व्या शतकापासून, रूढ झाला. बैलांचा रहाट ज्यानें पाहिला आहे त्यास दात्यांत दाते अडकविण्याची युक्ति नवीन नाहीं. १५ दात्यांच्या चाकानें ४५ दात्यांचें चाक फिरविल्यास वेग एकतृतीयांश होतो, व घर्षणांत जाणारा अंश सोडल्यास फिरविण्याचा जोर तिप्पट होतो. म्हणूनच जड नांगरटींत ट्रॅक्टर खालच्या गिअरांत घालतात. येथें गिअर म्हणजे एक चाक नसून चाकांची जुळणी होय. तेव्हां दुकानीं नुसतें ‘गिअर द्या’ न म्हणतां यंत्राचा नमुना व दात्यांची संख्याही सांगावी.

आतां मुख्य मुद्दा. कीटकनाशकांच्या इंग्रजी माहितीपत्रकांत ‘प्रोटेक्टिव्ह गिअर’ वापरण्याची सूचना असते. तेथें पंपाचा कोणताही भाग अभिप्रेत नाहीं. शब्दाचा तो जुनाच अर्थ, म्हणजे चिलखत: हातमोजे, डोळ्यांवर बंदिस्त चष्मा, नाकातोंडावर योग्य मुखवटा, पूर्ण बाह्यांचा अंगरखा व रबरी बूट. सन २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कपाशीची माणसाएवढी वाढ, जहाल औषधांचीं मिश्रणें, अशीं अनेक कारणें पुढें आलीं. अंगावर संरक्षण नसणें हें त्यांतील एक होतें.

आमचें मत असें कीं, भाषांतर करणाऱ्यांनीं ‘संरक्षक साधनें’ असें मोघम न लिहितां ‘फवारणीचा पोशाख’ असें स्पष्ट लिहावें व खालीं वस्तूंचीं नांवें द्यावीं. मजूर लावणाऱ्यानें तो पोशाख स्वतः पुरवावा. तोंडास रुमाल बांधला म्हणजे झालें, ही समजूत आमच्यांतील पुष्कळांची आहे. पण रुमाल औषधानें भिजला कीं तें विष नाकातोंडाशींच धरून ठेवितो.